घरचं मिरची-व्हिनेगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चायनीजच्या गाडीवर नूडल्सच्या प्लेटशेजारी हिरव्या मिरच्यांची जी आंबट-तिखट बाटली ठेवलेली असते, तिचाच घरचा आणि टिकाऊ प्रकार म्हणजे मिरची-व्हिनेगर. ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत ते करताना काय सांभाळायचं, ते पुढे दिलं आहे. कृती सोपी आहे. बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि हे पाणी बरणीत कुठून शिरतं याची कल्पना नसते. त्यामुळे पुढच्या बऱ्याच उत्तरांत पाण्याचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

मिरची-व्हिनेगर, मिरचीचं लोणचं आणि हॉट सॉस, यांत फरक काय?

लोणच्यात आपण मिरची खातो. मीठ, मोहरी, लिंबू, तेल हे सगळं मिरचीसाठी असतं. मिरची-व्हिनेगरमध्ये खायचं असतं ते व्हिनेगर. मिरची आपला तिखटपणा आणि वास त्याला देऊन मोकळी होते. हॉट सॉसमध्ये मिरची वाटून त्यातच ठेवतात. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात १८६८ पासून बनणाऱ्या टबॅस्को सॉससाठी मिरचीचा लगदा मीठ घालून ओकच्या पिंपांत मुरवतात आणि नंतर व्हिनेगर मिसळतात. आपल्या प्रकाराचा जवळचा नातेवाईक फिलिपिन्समध्ये सापडतो. तिथल्या ‘सिनामाक’मध्ये मिरची, लसूण, आलं आणि मिरे व्हिनेगरमध्ये मुरत ठेवतात. आंबवण्याची भानगड त्यात नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतं.

प्रमाण काय घ्यायचं?

५०० मिली व्हिनेगरला १०० ग्रॅम ताजी मिरची. मीठ एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे ५-६ ग्रॅम. साखर अर्धा चमचा, तीही आवडत असेल तर. लसणाच्या ५-६ पाकळ्या आणि ८-१० काळे मिरे घातले तर वास छान येतो, पण ते ऐच्छिक. एवढ्यासाठी ७५० मिलीची काचेची बरणी पुरते.

मिरची मोजून नाही, वजन करून घ्या. लवंगी आणि ज्वाला यांच्या आकारात इतका फरक असतो की ‘वीस मिरच्या’ म्हणून काही अर्थबोध होत नाही.

पूर्ण कृती सांगा.

मिरच्या देठासकट वाहत्या पाण्याखाली धुवा. देठ आधी काढले तर त्या भोकातून पाणी आत जातं आणि मग ते काही केल्या वाळत नाही. धुतलेल्या मिरच्या सुती पंचावर एकेरी पसरून पंख्याखाली ठेवा. हिवाळ्यात दोन तास पुरतात, पावसाळ्यात रात्रभर. हाताला कोरड्या लागल्या की देठ खुडा आणि प्रत्येक मिरचीला टोकाकडच्या बाजूने एक इंचाची उभी चीर द्या.

बरणी आणि झाकण साबणाने धुवा. बरणी मोठ्या पातेल्यात गार पाण्यात बुडवून पाणी तापवा आणि उकळी आल्यावर १० मिनिटं उकळू द्या. गरम पाण्यात गार बरणी टाकली की तडा जातो. बाहेर काढून पंचावर उपडी ठेवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. कापडाने आतून पुसू नका. कापडावर जे असेल ते बरणीत जातं.

मिरच्या, लसूण आणि मिरे बरणीत भरा. व्हिनेगर स्टीलच्या भांड्यात मीठ-साखर घालून मंद आचेवर, कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत तापवा. खळाखळा उकळू देऊ नका. दोन-तीन मिनिटं थांबून, बरणी अजून कोमट असतानाच, मिरच्यांवर ओता. वर एक सेंटीमीटर जागा सोडा. लाकडी काडीने मिरच्या हलक्या दाबल्या की चिरेतून बुडबुड्यांची माळ वर येते. ती थांबली म्हणजे आतली हवा गेली आणि व्हिनेगर आत शिरलं. आता पातळी खाली गेलेली दिसेल, तेवढं व्हिनेगर पुन्हा घाला. गार झाल्यावर झाकण लावा. पहिला आठवडा रोज एकदा बरणी तिरकी-उलटी करून हलवा.

चीर खरंच लागते का? अख्ख्या मिरच्या दिसायला छान वाटतात.

लागते. मिरची आतून पोकळ असते आणि तिची साल मेणचट, त्यामुळे व्हिनेगर सहजी आत जात नाही. न चिरलेली मिरची तरंगते. तिची वरची बाजू हवेत उघडी राहते आणि पोटातली हवा तशीच अडकते. बुरशी पहिल्यांदा धरते ती अशाच तरंगणाऱ्या मिरचीवर. अख्खा आकार हवाच असेल तर जाड सुईने देठाजवळ एक आणि टोकाजवळ एक अशी दोन आरपार भोकं पाडा. एका भोकाने काम होत नाही. हवेला बाहेर जायला दुसरी वाट लागते.

चिरूनही काही मिरच्या पहिले तीन-चार दिवस वर येतात. बांबूच्या दोन काड्या बरणीच्या पोटापेक्षा किंचित मोठ्या कापा, उकळून वाळवा आणि मानेखाली फुलीसारख्या अडकवा. मिरच्या खाली दबून राहतात.

कोणतं व्हिनेगर घ्यावं?

आधी बाटलीवरची आम्लता वाचा. आपल्याकडच्या नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसिटिक ॲसिड असावं लागतं. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर बहुधा ४ टक्क्यांच्या आसपास असतं, सफरचंदाचं ५ टक्के. ५ टक्क्यांचं मिळालं तर तेच घ्या. त्याचं कारण पुढच्या उत्तरातल्या हिशोबात आहे.

लेबलवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असेल तर ते ॲसिटिक ॲसिड पातळ करून बनवलेलं आहे. खायला चालतं, स्वस्त असतं, पण चव एकसुरी आणि नाकाला झोंबणारी. हिरव्या मिरचीच्या चायनीज छापाच्या व्हिनेगरला ते ठीक आहे. लाल मिरची आणि लसूण घालून करणार असाल तर आंबवून बनवलेलं व्हिनेगर घ्या: ऊस, सफरचंद किंवा नारळाच्या माडीचं. वसई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन (इथला मूळचा ख्रिस्ती समाज) घरांत आणि गोव्याकडे विंदालूत असंच व्हिनेगर वापरतात, आणि मिरची-लसणाशी त्याचं किती जमतं ते तिथे कळतं. जांभळाचा शिरका, म्हणजे जांभळाचं व्हिनेगरही चालतं, पण त्याचा तुरटपणा मिरचीवर मात करतो.

घरी केलेला शिरका किंवा ॲसिड आणून पातळ केलेलं व्हिनेगर वापरता येईल?

दोन्ही नको. घरच्या शिरक्याची आम्लता दर वेळी वेगळी येते आणि चवीवरून ती ओळखता येत नाही. ताटात थेट वाढायला तो उत्तम. त्यात ओली मिरची महिनाभर ठेवायला नाही. केमिकलच्या दुकानातलं तीव्र ॲसिटिक ॲसिड तर स्वयंपाकघरात आणूच नये. ते कातडी भाजतं, वाफेने डोळे आणि घसा सोलवटतो आणि ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं असेलच असं नाही. साफसफाईसाठी विकलं जाणारं जास्त टक्क्यांचं व्हिनेगरही वेगळं. ते खाण्याचं नव्हे.

फार आंबट होतं म्हणून थोडं पाणी घातलं तर?

पाणी आधीच आत आहे. ताज्या मिरचीत वजनाच्या जवळपास ८८ टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम मिरची म्हणजे ८८ मिली पाणी, आणि मुरताना ते व्हिनेगरमध्ये मिसळतं. हिशोब करून पाहा: ५ टक्क्यांचं ५०० मिली व्हिनेगर म्हणजे २५ ग्रॅम ॲसिड. ते ५८८ मिलीमध्ये पसरलं की उरतं सव्वाचार टक्के. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरने सुरुवात केली तर ३.४ टक्के. त्याच ४ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये एक वाटी, म्हणजे १५० मिली, पाणी घातलं तर पावणेतीन टक्क्यांच्याही खाली जातं. तेवढ्या आम्लतेत पांढरी साय धरणारे यीस्ट आरामात वाढतात.

बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या खाली वाढत नाहीत आणि नीट केलेलं मिरची-व्हिनेगर त्याच्या बरंच खाली असतं. तो सुरक्षित अंतराचा पट्टा पाण्याने कमी करू नका. आंबटपणा जास्त वाटत असेल तर साखर अर्ध्या चमच्याऐवजी दीड चमचा करा. किंवा वाढताना वाटीत तेवढ्यापुरतं पातळ करा.

मिरची कोणती आणि कुठून?

पहिल्या बरणीसाठी हिरवी ज्वाला. भाजीवाल्याकडे बाराही महिने मिळते, साल पातळ, तिखटपणा भरपूर. जास्त जाळ हवा असेल तर लवंगी. ओली लाल मिरची हिवाळ्यात चांगली येते. तिच्या व्हिनेगरला केशरी रंग आणि हलका गोडवा असतो. भावनगरी जाड सालीची आणि फिकी. तिने व्हिनेगरला पाणीच जास्त मिळतं. ईशान्येची भूत जोलोकिया हाती लागली तर ५०० मिलीला एक मिरची पुष्कळ.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत सकाळी गेलात तर निवडून घेता येते. वाशीच्या एपीएमसीत माल घाऊक, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून घ्यायचा असेल तरच तिकडची खेप परवडते. सुक्या मिरचीसाठी मात्र एपीएमसीचा मसाला बाजारच गाठावा. ब्याडगी, गुंटूर, संकेश्वरी शेजारी-शेजारी पाहून घेता येतात.

घेताना देठ बघा. देठ हिरवा आणि ताठ हवा. देठाच्या बुडाशी काळसर ओल दिसली तर मिरची आतून सडायला लागलेली असते, बाहेरून कितीही चकचकीत असो.

सुकी मिरची वापरली तर?

उत्तम, आणि पाण्याची काळजी मिटते. ५०० मिलीला १५ ते २० ग्रॅम. ब्याडगीने रंग येतो, तिखटपणा बेताचा. गुंटूरने जाळ येतो. दोन्ही निम्मे-निम्मे घ्या. धुऊ नका, कोरड्या कापडाने पुसा आणि मोडून आत बघा. आत राखाडी-पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. ती मिरची फेकून द्या. सुकी मिरची व्हिनेगर पिऊन फुगते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पातळी पाहून व्हिनेगर वाढवा.

व्हिनेगर गरम ओतायचं की गार?

गरम ओतलं की मिरचीची साल सैल होते आणि तिखट लवकर उतरतं. आठवड्यात वापरता येतं. मिरची मात्र मऊ पडते. गार ओतलं तर मिरची कुरकुरीत राहते, वास ताजा राहतो, पण दोन ते तीन आठवडे थांबावं लागतं. पावसाळ्यात गरमच ओता. मिरचीच्या सालीवर राहिलेले बहुतेक यीस्ट त्या उष्णतेने मरतात.

तापवताना खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू हवा. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या टॉवरमधल्या बंद काचेच्या स्वयंपाकघरात व्हिनेगरची वाफ घरभर फिरते. मिरच्या व्हिनेगरसोबत उकळू तर मुळीच नका, असा खकाणा उठतो की शेजारचेही खोकतात.

पावसाळ्यात हे करूच नये का?

करता येतं, पण जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईची हवा इतकी दमट असते की कोरडी करून ठेवलेली बरणीही तासाभरात आतून ओलसर वाटते. बरणी उकळून झाली की ओव्हनमध्ये १०० अंशांवर १५ मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर कडक गरम असतानाच उपडी ठेवा म्हणजे स्वतःच्या उष्णतेने वाळते. आणि वाळली की लगेच भरा. मिरच्या रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी करायला घेणं सगळ्यांत सोयीचं. भरलेली बरणी या दिवसांत फ्रीजमध्येच ठेवलेली बरी.

चिनीमातीची बरणी, स्टीलचा डबा, प्लॅस्टिकची बाटली चालेल?

काच सर्वांत चांगली, आत काय चाललंय ते दिसतं. चिनीमातीची चालते, पण आतल्या चकाकीला बारीक तडे असतील किंवा बरणी फार जुनी, रंगीत असेल तर नको. काही जुन्या चकाकीत शिसं असतं आणि आम्लाने ते सुटतं. स्टील तापवण्यापुरतं ठीक. मीठ आणि आम्ल महिनाभर राहिलं की स्टीललाही बारीक खड्डे पडतात. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि लोखंड अजिबात नाही.

झाकणाकडे फार लोक दुर्लक्ष करतात. जॅम-सॉसच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं व्हिनेगरच्या वाफेने कडेला गंजतात आणि तो तपकिरी गंज थेंबाथेंबाने आत पडतो. प्लॅस्टिकचं झाकण घ्या. नसेल तर बटर पेपरची दुहेरी घडी मध्ये घाला आणि महिन्याने बदला.

तीन आठवडे झाले, तरी तिखट लागत नाही.

आणखी थांबून फारसा उपयोग नाही. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. व्हिनेगर बहुतांशी पाणीच आहे, त्यामुळे उतरायचं तेवढं पहिल्या तीन आठवड्यांत उतरतं. उपाय दोन. पुढच्या वेळी मिरचीचे बारीक काप करा. कॅप्सायसिन तयार होतं ते बियांना धरून असलेल्या आतल्या पांढऱ्या शिरेत. काप केल्याने ती शीर उघडी पडते. बिया काढल्याने किंवा ठेवल्याने विशेष फरक पडत नाही.

दुसरा उपाय आत्ताच्या बरणीसाठी: व्हिनेगर गाळा, ५०० मिलीला पुन्हा १०० ग्रॅम कोरड्या ताज्या मिरच्या घाला आणि दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवा. हे ५ टक्क्यांच्या व्हिनेगरसोबतच करा, कारण दुसऱ्या मिरच्याही पाणी सोडतात आणि आम्लता साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. ४ टक्क्यांचं असेल तर दुसऱ्या खेपेला सुकी मिरची घाला.

उलट झालं, फारच तिखट झालं.

साधं व्हिनेगर मिसळा. आम्लता कमी होत नाही, त्यामुळे कितीही मिसळा.

हिरव्या मिरच्या शेवाळी-तपकिरी झाल्या. बिघडल्या का?

नाही. आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग मळकट होतो. लिंबाच्या लोणच्यातल्या हिरव्या मिरचीचंही हेच होतं. थांबवता येत नाही. रंग टिकवायचा असेल तर लाल मिरची वापरा, तिचा रंग आम्लात टिकतो.

लसूण निळा-हिरवा पडला!

घाबरू नका, खायला चालतो. लसणातली गंधकाची संयुगं आम्लात अशी रंगतात. हाच लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं मात्र धोक्याचं. तिथे आम्ल नसतं.

वर पांढरं काहीतरी आलंय.

नीट बघा, कारण तीन वेगळ्या गोष्टी पांढऱ्या दिसतात. पातळ, सुरकुतलेली, कोरडी साय असेल तर ते यीस्ट: आम्लता कमी पडली किंवा मिरची वर तरंगत होती. विषारी नसतं, पण चव उतरते. आम्ही ती बरणी टाकून द्यायलाच सांगू, कारण आम्लता कमी झाल्याचीच ती खूण आहे. बुळबुळीत, पारदर्शक, जेलीसारखा गोळा किंवा पापुद्रा असेल तर ती व्हिनेगरची ‘आई’, म्हणजे व्हिनेगर बनवणाऱ्या जीवाणूंनी विणलेलं जाळं. न गाळलेल्या सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये हे बऱ्याचदा होतं. गाळून घ्या, व्हिनेगर वापरा. केसाळ, लोकरीसारखं, पांढरं-हिरवं-काळं असेल तर बुरशी. वरचा भाग काढून बाकीचं वापरू नका, अख्खी बरणी टाका.

बुडबुडे येत असतील आणि झाकण उघडताना फुस्स आवाज येत असेल तर आत आंबणं सुरू झालंय. हीही टाकायची.

गढूळ दिसतं, तळाला पांढरा गाळ आहे, पण वास चांगला आहे.

बहुधा मीठ. आयोडीनयुक्त मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेला घटक विरघळत नाही, तो तळाशी बसतो. साधं जाडं मीठ वापरलं की होत नाही.

व्हिनेगर संपत आलं की त्याच मिरच्यांवर पुन्हा भरता येतं?

एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्या वेळी उरतं ते मिरचीच्या वासाचं आंबट पाणी. पातळी मिरच्यांच्या खाली जाण्याआधीच भरा.

किती टिकतं?

मलमलच्या कापडातून गाळून, कोरड्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवलं तर बाहेर सहा महिने, फ्रीजमध्ये वर्षभर. मिरच्या आत ठेवून रोज वापरत असाल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा. ओला चमचा घालू नका. लोणच्यासारखं उन्हात ठेवायचं नसतं; उन्हाने लाल रंग उडतो.

आजच हवंय. काही झटपट?

१० ज्वाला मिरच्या पातळ गोल चिरा, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा साखर चोळून पाच मिनिटं ठेवा, वरून १५० मिली पांढरं व्हिनेगर ओता. दोन तासांत तयार. फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा.

मिरच्या चिरून हात जळतायत.

पाण्याने काही होणार नाही. आधी गोडं तेल चोळा, कागदाने पुसा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. गरज पडली तर पुन्हा. पुढच्या वेळी हातमोजे. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी मोजे असले तरी दुसऱ्या कुणाकडून लेन्स काढून घ्याव्यात किंवा चष्मा लावावा.

कशावर चांगलं लागतं?

तळलेल्या मासळीवर सर्वांत छान. रव्यातला कुरकुरीत बोंबील ताटात आला की वरून पाच-सहा थेंब; आधी शिंपडलं तर कुरकुरीतपणा जातो. नूडल्स, मंचाव सूप, फ्राइड राइस हे आहेतच. उकडलेल्या अंड्यावर, काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीवर, मक्याच्या कणसावर घालून बघा. दही असलेल्या पदार्थात नको. मिसळीला लिंबूच बरं. पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी टाळावं.

गाळल्यावर उरलेल्या मिरच्यांचं काय करायचं?

टाकू नका. मिक्सरमध्ये दोन चमचे त्याच व्हिनेगरसोबत वाटा आणि झाकण उघडण्याआधी मिनिटभर थांबा, नाहीतर ठसका लागतो. ही चटणी अंड्याच्या भुर्जीत किंवा शेजवान भातात अर्धा चमचा घालायची. फ्रीजमध्ये महिनाभर राहते.